उपस्थाता : चिकित्सेचा उपेक्षित पाद

बुद्धविचारांची आजच्या जीवनातील उपयुक्तता सांगताना आपण बहुधा ध्यान व मनःशांती येथवरच थांबतो. वैद्यांनी मनन करावे असा त्याहून निकटचा भाग विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात आहे. उदरविकाराने पीडित एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना आढळला. तो इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नसल्यामुळे त्याची शुश्रूषा कोणी करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. दोघांनी मिळून त्यास स्वच्छ केले व उचलून मंचकावर निजविले. नंतर त्यांनी संघास बजावले, की येथे तुमचे मातापिता नाहीत. तुम्हीच परस्परांची सेवा केली नाही, तर कोण करील?

तेथेच उत्तम परिचारकाचे ५ गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्याचे ज्ञान, लोभाने नव्हे तर मैत्रभावाने सेवा, मलमूत्र वा वांतीची किळस नसणे आणि धर्मकथेने रुग्णास उभारी देता येणे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे ४ गुण येतात. दोन्हींचा आशय किती जवळचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आज चतुष्पादांपैकी हाच पाद सर्वाधिक दुर्बळ झाला आहे. कुटुंबे लहान झाली, मुले परगावी वा परदेशी गेली. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची सेवा पाळीपाळीने येणाऱ्या पगारी व्यक्तींवर किंवा घरातील एकाच थकलेल्या स्त्रीवर येऊन पडते. आपण मात्र नाडी पाहतो, औषध लिहितो आणि पथ्य घाईघाईने सांगून मोकळे होतो. काढा कोण करणार, अनुपान कोण सांभाळणार, हे विचारतच नाही. मग गुण न आल्यास दोष औषधाच्या माथी येतो.

यावर उपाय खर्चिक नाही. रुग्णपत्रिकेवर उपस्थात्याचे नाव लिहावे. पथ्य व औषधविधी त्यालाच समजावून सांगावा, मराठीत लिहून द्यावा आणि त्याच्या स्वतःच्या निद्रा-आहाराचीही विचारपूस करावी. औषधविक्रेत्या बंधूंनी चूर्ण वा आसव देताना ‘हे रुग्णास कोण देणार?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

करुणा हा केवळ प्रवचनाचा विषय नव्हे. तो चिकित्सेचा विधी आहे. सेवा करणाऱ्याचे बळ राखल्यावाचून आपले उत्तमातील उत्तम औषधही रुग्णाच्या मुखापर्यंत नीट पोहोचणार नाही.