शंकेला मंडळीत जागा असावी

आपल्याकडील एखाद्या ख्रिस्ती घरात ऐन उमेदीतला मुलगा दुखण्याने जावा, आणि चार दिवसांनी त्याच्या आईने पाळकसाहेबांपुढे, इतके मागूनही प्रभूने ऐकले का नाही, असा प्रश्न काढावा, म्हणजे तिला बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते : प्रार्थनेत राहा, किंवा तुमचाच विश्वास कोठेतरी कमी पडला. यांपैकी पहिले उत्तर निरुपद्रवी आहे. दुसरे मात्र निर्दय आहे, कारण ते मुलाच्या मरणाचा ठपकाही त्या माउलीच्याच माथी मारते. शंका घेणे हा जणू जाबजबाब देण्याजोगा गुन्हा आहे अशी जी समजूत मंडळ्यांतून रूढ झालेली आहे, ती निदान मराठी ख्रिस्ती समाजाला तरी शोभत नाही. कारण ज्यांच्या नावाचा आपण अभिमान बाळगतो ती माणसे शंकेच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आली, आणि बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका काही संपल्या नाहीत.

नीलकंठशास्त्री गोरे यांचाच दाखला घ्यावा. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित पाद्र्यांचे खंडन करावयाच्या ईर्ष्येने वादात उतरले, आणि त्याच वादाच्या ओघात १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा तार्किक पुढे आपल्या नव्या श्रद्धेलाही त्याच कसोटीवर घाशीत राहिला, पंथ बदलता झाला, आणि संशयाची टोचणी त्याला अखेरपर्यंत सुटली नाही. गंमत अशी, की पंडिता रमाबाईंची ख्रिस्ती धर्माविषयी बौद्धिक खात्री पटण्यात मोठा वाटा होता तो याच संशयग्रस्त गोऱ्यांच्या लेखनाचा.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वांटेज येथे झाला. त्यानंतरचा तेथील मठातल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने छापला गेला, आणि तो प्रत्येक धर्मगुरूने एकदा तरी वाचावा अशा योग्यतेचा आहे. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीला पटेना; जो मतांगीकार न मानणाऱ्याला सार्वकालिक नाशाचे भय घालतो तो अथनेशियाचा मतांगीकार त्या मान्य करीनात; एवढेच काय, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशाची संस्कृत का नको, असाही त्यांचा हट्ट होता. स्वदेशातल्या पुरोहितांचे जू नुकतेच झुगारून दिलेल्या आपण दुसऱ्या पुरोहितांचे जू मानेवर घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहून कळविले. जेरल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. चेल्टनमच्या विद्यालयाच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र या विदुषीला हुकूम सोडण्यात अर्थ नाही, ख्रिस्ती धर्म तिच्या विवेकाला पटला पाहिजे, हे ओळखून तिच्याशी सविस्तर पत्रे लिहून चर्चा चालविली. जेरल्डीनबाईंचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु रमाबाई ख्रिस्ती राहिल्या त्याचे श्रेय द्यावयाचेच झाले तर मी ते बीलबाईंच्या पारड्यात टाकीन.

बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र नंतर कित्येक वर्षांनी लाभला, अशी कबुली रमाबाईंनी पुढे स्वतःच दिलेली आहे. या मधल्या मुदतीत त्यांना बहिष्कृत केले असते तर केडगावचे मुक्तिसदन कोठून उभे राहते? आणि ज्या बाईंना दुसऱ्याने सांगितलेला अर्थ निमूटपणे घेता येत नव्हता, त्यांनीच उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांशी झुंज घेऊन सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले, आणि १९२२ साली त्या निवर्तल्यावर दोन वर्षांनी ते प्रसिद्ध झाले. शंकेखोर बुद्धी श्रद्धेच्या किती कामी येते याचा याहून ठळक पुरावा मला ठाऊक नाही.

यावर असा आक्षेप येईल, की शंकेला असे मोकळे रान दिले तर माणसे मंडळी सोडून जातील. काही जातील, हे कबूल केले पाहिजे. शिवाय रविवारी अंथरुणातून उठण्याचा कंटाळा करावयाचा आणि त्यालाच बौद्धिक मतभेद म्हणवावयाचे, अशीही मंडळी आहेत. त्यांची कैफियत ऐकण्यात फारसा वेळ दवडू नये. परंतु थोमाची गोष्ट नीट वाचली तर असे दिसते, की पुनरुत्थित येशूच्या जखमेत बोट घातल्यावाचून मी मानणार नाही असे स्पष्ट सांगणारा हा शिष्य आठ दिवसांनंतरही त्याच घरात, इतर शिष्यांच्या सोबत होता. त्या आठ दिवसांत त्याला कोणी बाहेर काढले नव्हते, आणि तो स्वतःही उठून गेला नव्हता. प्रवचनांतून आपण थोमाला नावे ठेवतो, त्या दहाजणांच्या सबुरीबद्दल मात्र कधी बोलत नाही.

मग मंडळीने करावे काय? दृढीकरणाच्या वर्गात प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली जाते, तिच्यात प्रश्नही छापील आणि उत्तरेही छापील; मुलांच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी एखादी संध्याकाळ राखून ठेवली तर आभाळ कोसळणार नाही. पाळकाला उत्तर येत नसेल तर त्याने तसे सांगावे. आणि स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, ज्यात देवाकडे तक्रार केलेली आहे, दिलाशाचा शब्द शेवटीही येत नाही आणि तरीही ज्याला शास्त्रातून कोणी वगळले नाही, ते उपासनेत वाचून दाखवावे. विशेषतः जिचा मुलगा गेला ती आई समोर बसलेली असेल त्या रविवारी.