गैरवर्तन ठरवायचे कोणी?

डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन कशास म्हणावे, याची कसोटी लंडनच्या अपील न्यायालयाने १८९४ साली अ‍ॅलिन्सन खटल्यात घालून दिली: नेकनाम व जाणकार व्यवसायबंधू ज्यास लांच्छनास्पद मानतील ते. अ‍ॅलिन्सन यांचा अपराध काय? त्यांनी स्वतःच्या जाहिराती दिल्या आणि इतर डॉक्टरांच्या औषधोपचारांवर जाहीर टीका केली. रुग्णाचे मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता!

भारतातील वैद्यक कायद्यांनी हाच वारसा घेतला. २००२ च्या आचारनियमांनी रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन घेणे निषिद्ध ठरविले, हे योग्यच झाले. परंतु तक्रारीचा निवाडा राज्य वैद्यक परिषदेकडे, म्हणजे पुन्हा व्यवसायबंधूंकडेच राहिला. २००४ च्या दुरुस्तीने त्या निवाड्याविरुद्ध ६० दिवसांत अपील करण्याची वाट तक्रारदारास निदान मोकळी केली होती. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३० व्या कलमात मात्र अपिलाचा हक्क लिहिला गेला तो केवळ डॉक्टरांसाठी. ज्याच्या घरचे माणूस गेले त्या शेतमजुराने काय उच्च न्यायालयाची पायरी चढावी? ग्राहक न्यायालय भरपाई देईल. डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढण्याचा अधिकार त्यास नाही. कलम ३० मध्ये ‘किंवा तक्रारदार’ हे दोन शब्द घालण्याची मागणी संसदेत लावून धरली पाहिजे.