पन्नास ओळींचा पार्सर

कम्पायलरच्या पेपरला फर्स्ट आणि फॉलोचे सेट्स आपण सगळेच काढतो. टेबल भरतो, मार्क्स मिळवतो आणि सुट्टीत विसरतो. माझं स्पष्ट मत आहे, की पार्सर म्हणजे काय हे कळायचं असेल तर कॉन्फिगरेशन फाइल वाचणारा एक छोटा पार्सर स्वतः लिहावा. तोही लुआमध्ये. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

लुआच का? १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या पीयूसी विद्यापीठात तिघांनी ही भाषा बनवली. त्याआधी कित्येक वर्षं तिथे परदेशी हार्डवेअर-सॉफ्टवेअर आणण्यावर कडक बंधनं होती. बाहेरचं मिळत नाही ना, मग आपणच करू! भाषा इतकी आटोपशीर की दोन-तीन दिवसांत हात बसतो.

काम सोपं वाटतं. ओळ वाचा, रिकामी किंवा कॉमेंट असेल तर सोडा, = पाशी तोडा, डावी-उजवी बाजू टेबलमध्ये ठेवा. वीस ओळींत झालं! खरी मजा पुढे आहे. वेब पत्त्याच्या आतच = आलं तर? म्हणजे फक्त पहिल्या = पाशी तोडायचं. पासवर्डमध्ये # असेल तर ती कॉमेंट धरायची का? ८०८० हा आकडा की नुसती अक्षरं? लुआत शून्यसुद्धा 'ट्रू' असतो, सी वाल्यांनो जपून! आणि डावीकडे मराठीत 'नाव' लिहिलं तर? लुआ बाइट्स मोजते, त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये 'नाव' ची लांबी ९ भरते.

काही जण म्हणतील, कॉन्फिग फाइलच लुआमध्ये लिहा, पार्सर हवाच कशाला? सोय आहे खरी. पण मग ती फाइल नुसती वाचली जात नाही, चालवली जाते. परक्याच्या फाइलला मोकळं रान दिलं तर ती आपल्या फाइल्स उडवूही शकते.

आणि तयार लायब्ररी? नोकरीत जरूर वापरा. पण तिच्यातही हे सगळे निर्णय कोणीतरी घेतलेलेच असतात. यॅमल १.१ च्या नियमांनी नॉर्वेचा 'एनओ' हा कोड 'नाही' असा वाचला जातो! स्वतः एकदा लिहिलं असेल तरच अशी गोची चटकन ओळखू येते.

म्हणून डिपार्टमेंटला विनंती, की जर्नलमधला एखादा उतरवून काढायचा प्रयोग कमी करा आणि हा द्या. प्रत्येकाचा पार्सर वेगळा निघेल, कॉपी करायची सोयच नाही! आणि मित्रांनो, डिपार्टमेंटची वाट कशाला बघायची? एक रविवार पुरे.