धूर नेहमी उशिरा येतो

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडला की नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या दिल्लीभोवतीच्या उपनगरांत एक दृश्य हमखास दिसते. संध्याकाळी धूरफवारणीची गाडी येते, गल्ली पांढऱ्या धुराने भरून जाते आणि रहिवासी घाईघाईने खिडक्या लावून घेतात. गाडी निघून गेल्यावर काहीतरी उपाय झाल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. डेंग्यूच्या विषाणूला मात्र त्याने फारसा फरक पडत नाही.

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती ही डासाची जात दिवसा चावते, त्यातही सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या काही तासांत अधिक. उरलेला वेळ ती घरातच पडद्यांमागे, पलंगाखाली, कपाटांच्या आडोशाला विसावलेली असते. म्हणजे धूर रस्त्यावर, डास घरात आणि मधली खिडकी बंद. शिवाय औषधाचा दहा-वीस मायक्रॉन व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला काही मिलिमीटर ते जेमतेम एक सेंटिमीटर इतक्या मंद गतीने खाली येतो. भर उन्हात तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा त्याला सहज उचलून नेते. वेळ अचूक साधली, तरी हा धूर केवळ उडणाऱ्या डासांना मारतो. पाण्यातील अळ्या आणि कोष सुरक्षित राहतात आणि काही दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. साथीच्या ऐन भरात, रुग्णाच्या घराभोवती आणि घरातही केलेल्या फवारणीला स्थान आहे. पण ती आग लागल्यानंतर मारलेली पाण्याची बादली आहे.

आग लागते ती कितीतरी आधी. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरडी पडूनही अनेक महिने तग धरतात. हिवाळ्यात गच्चीवर टाकून दिलेल्या कूलरमध्ये एप्रिलमध्ये पाणी भरले की त्यांना जाग येते. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्यामागे हेच गणित आहे. मात्र पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भिंती घासल्या नाहीत, तर अंडी जागच्या जागी राहतात. कूलर, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, बिनझाकणाची टाकी, बांधकामावरील पिंप ही खरी रणभूमी आहे आणि लढाईचा खरा काळ ऑक्टोबर नसून एप्रिल ते जुलै आहे.

येथे सारा दोष नागरिकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या वसाहतीत नळाला दिवसातून तासभर पाणी येते, तेथे पिंप भरून ठेवणे ही बेपर्वाई नसून गरज असते. नियमित पाणीपुरवठा आणि घट्ट झाकणे हाही डासनियंत्रणाचाच भाग आहे. कोणत्याही पालिकेच्या डेंग्यूविरोधी योजनेत धुराच्या गाड्यांआधी या दोन गोष्टींचा हिशेब मागितला गेला पाहिजे.

वैयक्तिक बचावातही विज्ञान आणि समजुती यांची गल्लत होते. अतिध्वनीने डास पळवण्याचा दावा करणारी उपकरणे चाचण्यांत टिकलेली नाहीत. मादी श्वासातील कार्बन डायऑक्साइड, त्वचेचा गंध आणि उष्णता यांवरून माणूस शोधते. ती शरीरातून निघणारी अवरक्त प्रारणेही सुमारे ७० सेंटिमीटरपर्यंत ओळखू शकते, असे २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. साधा पंखा म्हणूनच उपयोगी पडतो: तो गंधाची वाट विस्कटतो आणि त्या हलक्या कीटकाचे उडणेही अवघड करतो. पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, खिडक्यांना जाळ्या, डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम हे दिवसाचे उपाय आहेत. दिवसा झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणी हवीच, आणि तापाच्या रुग्णालाही. त्याला चावलेला डास साधारण आठ ते बारा दिवसांनी विषाणू पुढे पोचवू लागतो.

१९९६ च्या साथीत एकट्या दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदवले गेले. २०२३ मध्ये देशभरात नोंदलेल्या डेंग्यूरुग्णांची संख्या २ लाख ८० हजारांच्या पुढे गेली. डासाचे जीवनचक्र या काळात बदललेले नाही आणि ते पाठ्यपुस्तकातही आहे. उणीव ज्ञानाची नाही, वेळापत्रकाची आहे. दिसणाऱ्या धुराला टाळ्या मिळतात. एप्रिलमध्ये घासलेल्या कूलरचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण ऑक्टोबरमध्ये रुग्णालयातील एखादी खाट रिकामी राहिली, तर श्रेय त्या कूलरचे असेल.