तबकडी बोलेनाशी होते तेव्हा

दिवाळीची साफसफाई निघाली की नाशिकच्या घरोघरी माळ्यावरून सीडींचे डबे खाली उतरतात, आणि या सदराच्या टपालाला एक ठराविक वळण लागते. "संगणकावर नवी विंडोज चढवली आणि त्या दिवसापासून सीडी चालत नाही. ड्राइव्ह काढून टाकावा काय?" मजकूर एवढाच. पुढे कोणी मुलाच्या मुंजीचा उल्लेख करतो, कोणी थोरल्या बहिणीच्या लग्नाचा. माझे उत्तरही ठराविक आहे: टाकू नका. आदल्या दिवसापर्यंत धडधाकट असलेला ड्राइव्ह नेमका प्रणाली बदलण्याच्या रात्रीच मरावा, असा योग फार क्वचित येतो.

तेव्हा आधी रोग कुठे आहे ते पाहावे. 'चालत नाही' या दोन शब्दांत निरनिराळी दुखणी लपलेली असतात. त्यातले एक तर दुखणेच नव्हे. ड्राइव्हचे चिन्ह पडद्यावर दिसते, तबकडीवरच्या फायलींची नावेही दिसतात, फक्त लग्नाची डीव्हीडी सुरू होत नाही. विंडोज ७ च्या बहुतेक आवृत्त्यांत डीव्हीडी दाखवण्याची सोय होती. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये ती राहिली नाही. व्हीएलसी नावाचा प्लेयर फुकट मिळतो, तो घालावा. एवढ्या कामाचे कोणी पाचशे रुपये मागू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

खरी पंचाईत चिन्हच नाहीसे झाल्यावर होते. अशा वेळी ड्राइव्हचे बटण दाबून पाहा. ट्रे बाहेर आला, दिवा लुकलुकला, म्हणजे वीज पोचते आहे. मग संगणक पुन्हा चालू करा आणि विंडोज जागी होण्यापूर्वी बायॉसच्या पडद्यावर ड्राइव्हचे नाव शोधा. तिथेही नसेल तर संगणक बंद करून, प्लग काढून, आतली केबल पुन्हा नीट बसवावी. पण तिथे नाव असले तर मंडळी, निश्चिंत व्हा. यंत्र जिवंत आहे, तंटा विंडोजच्या घरातला आहे.

हा तंटा कसा लागतो तो प्रकार गमतीचा आहे. ड्राइव्ह आणि विंडोज यांच्यामध्ये मध्यस्थ बसवण्याची सोय असते. सीडी बर्न करण्याचे जुने प्रोग्रॅम आपला एकेक माणूस तिथे बसवून देतात आणि रजिस्ट्री नावाच्या वहीत 'अपरफिल्टर्स' व 'लोअरफिल्टर्स' या सदरांखाली त्याचे नाव लिहून ठेवतात. प्रणाली बदलली की हा माणूस कधी निघून गेलेला असतो, कधी नव्या घरात त्याला प्रवेश नसतो. वहीतले नाव मात्र तसेच राहते. विंडोज वही वाचते, त्याला हाक मारते, ओ येत नाही, आणि ती रुसून ड्राइव्हच सुरू करीत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी आकडा दिसला, तर बहुधा हीच गोष्ट समजावी.

पहिला उपाय सौम्य: डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह 'अनइन्स्टॉल' करून संगणक पुन्हा सुरू करणे. विंडोज त्याला नव्याने शोधून काढते. तेवढ्याने भागले नाही तर वहीला हात घालावा लागतो, आणि इथे घाई नको. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'कंट्रोल' खालच्या 'क्लास' विभागात '४डी३६ई९६५' या अक्षर-आकड्यांनी सुरू होणारे खाते सीडी-ड्राइव्हचे आहे. प्रथम त्याची नक्कल 'एक्स्पोर्ट' करून ठेवा. मग त्याच खात्यातल्या वरील दोन नोंदी, असतील त्या, पुसा आणि संगणक पुन्हा चालू करा. शेजारच्या खात्यांतही हीच नावे आढळतील. त्यांना बोट लावाल तर कीबोर्ड किंवा माउस हातचा जाईल. बर्न करण्याचा प्रोग्रॅम यानंतर पुन्हा घालावा लागेल, एवढीच काय ती किंमत.

२०२० साली पंचवटीत आमच्या शेजारच्या काकूंकडे हेच घडले. त्यांच्या आईने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. भाच्याने त्या कॅसेटवरून सीडीवर उतरवल्या आणि आवरासावरीत कॅसेट टाकून दिली गेली. संगणकावर नवी प्रणाली आल्यावर ड्राइव्ह दिसेना. एका दुकानदाराने ड्राइव्हही गेला नि सीडीही गेली असा निकाल दिला. काकू म्हणाल्या, "अरे, आईचा आवाज एवढ्या एकाच ठिकाणी आहे. बघ ना जरा."

बायॉसमध्ये ड्राइव्ह होता, आकडा ३९ होता, नोंद पुसल्यावर चिन्ह परत आले. तरी काकूंची तबकडी मी आधी घातली नाही. दुकानातून आणलेली सिनेगीतांची सीडी घातली. कारखान्यात छापलेल्या तबकडीत खड्डे साच्यातून उठवलेले असतात, ते टिकतात. घरी बर्न केलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. उन्हाने, उष्म्याने तो विटतो. छापील वाजली आणि घरची वाजली नाही, तर दोष ड्राइव्हचा नाही हे कळते.

काकूंच्या अकरा ओव्यांपैकी नऊ उतरल्या. शेवटच्या दोन अडल्या, आणि त्याला कारण आहे. सीडीची वाट, पाचेक किलोमीटर लांबीची, मध्यापासून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाते; शेवटची गाणी कडेला येतात, आणि बोटे लागतात तीही कडेलाच. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसली (गोल गोल पुसू नये), दुसऱ्या एका जुन्या ड्राइव्हमध्ये घातली, तेव्हा दहावी उतरली. एका ड्राइव्हला न दिसणारे दुसऱ्याला दिसते, हा अनुभव मला पुष्कळदा आला आहे.

हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या. आज त्या जपायला एक संस्था उभी आहे. घरातल्या अकरा ओव्यांना काकूंच्या कपाटावाचून कोण होते? त्या दिवशी दहांच्या दोन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर, एक पुण्याला भाच्याकडे.

अकरावी अजून आत आहे. तबकडी काळ्या डबीत, उन्हापासून दूर ठेवली आहे. कुठे जुना ड्राइव्ह भंगारात निघाल्याचे कळले की काकू डबी घेऊन येतात, आणि मी केबल शोधायला लागतो.