स्लो आहे म्हणे!

मागच्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राला 'द वेलिंग' बघायला लावला. कोरियन, ना हाँग-जिनचा, 2016 चा. अडीच तासांपेक्षा मोठा आहे हे मुद्दामच सांगितलं नव्हतं. सोमवारी कँटीनमध्ये साहेबांचा निकाल आला: "स्लो आहे रे. पहिला तास काही होतच नाही. मी दीडपट स्पीडवर संपवला."

दीडपट स्पीडवर! च्यायला, घाबरायलाही वेळ नाही आता लोकांना.

त्या स्लो भागात काय होतं ते सांगतो. डोंगरातलं गाव. माणसं भ्रमिष्ट होऊन घरच्यांनाच मारतात. सरकारी खुलासा असा की रानातले मश्रूम खाल्ल्यामुळे झालं. पण गावाबाहेर एक जपानी म्हातारा येऊन राहिलाय. कुणी म्हणतं, तो आल्यापासूनच हे सुरू झालं. कुणी म्हणतं, त्याला जंगलात कच्चं हरीण खाताना पाहिलं. आपला नायक एक सुस्त, घाबरट पोलीस. आधी तो हे उडवून लावतो. मग त्याला स्वप्नं पडायला लागतात. मग पोरगी आजारी पडते. आणि मग तो मित्रांना गोळा करून, हातात मिळेल ते घेऊन म्हाताऱ्याच्या मागे लागतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही मनात "सोडू नका त्याला" म्हणतोय. पुरावा काय? काही फोटो, आणि बाकी सगळं ऐकीव.

म्हणजे त्या 'स्लो' भागात मी त्या टोळक्यात सामील झालो होतो.

मी नंदुरबारचा, त्यामुळे ही गोष्ट मला कोरियातली वाटलीच नाही. रविवार, 1 जुलै 2018. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत फिरत आलेले. पोरं पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. पेपरात आला तो शेवटचा सीन. त्याआधीचा स्लो भाग आमच्या घरातही चालू होता. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड येत होते, आई फोनवर "अनोळखी कुणाशी बोलू नको" म्हणत होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला. "खरंय का हे?" असं वर लिहून एक मेसेज मीही पुढे ढकलला होता. कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, पण तो पुढे गेलाच असणार.

म्हणून गावंढळ, अडाणी लोक वगैरे बोलू नका मंडळी. निदान माझ्यासमोर.

आता आपल्याकडचं बघा. 'एक थी डायन', 2013. पहिला भाग झकास! सावत्र आई खरंच डायन आहे की पोराच्या डोक्यातलं खूळ, कळत नाही. अंगावर काटा येतो. आणि मग उत्तरार्धात चक्क डायन, वेणीत शक्ती वगैरे. संशय खराच होता, झालं समाधान! त्याच वर्षी डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि मग कुठे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. आमच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, बाईला डाकीण ठरवून मारहाण करतात, गावाबाहेर काढतात. ते तरी कुठे एका दिवसात होतं? पोर आजारी पडतं, कुणीतरी भगताकडे जातं, मग हळूहळू एक नाव कुजबुजलं जातं. ही कुजबुज दाखवायला तास लागतो. आपले दिग्दर्शक तो कापतात आणि उलट्या पायांची बाई धाडकन दारात उभी करतात. दचकलो, पॉपकॉर्न सांडलं, संपलं.

मित्र म्हणालाच, "पण वेलिंगमध्येही शेवटी सैतान दिसतो की!" दिसतो ना. पण कोणाला? जो आधीच ठरवून गुहेत शिरलाय त्याला. हा भाग त्यानं कितीच्या स्पीडवर पाहिला, विचारलं नाही.

असो. पुढच्या वीकएंडला त्याला किम जी-वूनचा 'ए टेल ऑफ टू सिस्टर्स' देणार आहे, 2003 चा. तोही स्लोच आहे.