नीतीला धर्माचा जामीन नको

मी देव मानत नाही, असे कोणी म्हटले की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "मग तुला वाईट वागण्यापासून अडवणार कोण?" विचारणाऱ्याच्या मनात शंका कमी आणि खात्रीच अधिक असते. धर्म गेला की नीती गेली, देवाचे भय सुटले की माणूस मोकाट झाला, अशी ती खात्री. माझ्या मते ती चुकीची आहे आणि घातकही आहे. येथे धर्म म्हणजे ईश्वराच्या किंवा ग्रंथाच्या अधिकारावर उभी असलेली श्रद्धा, विधी आणि आचारनियम यांची व्यवस्था. धर्म म्हणजे केवळ कर्तव्य असे जे म्हणतात, त्यांच्याशी माझा वाद नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडतो. त्याचे तीन मुख्य मुद्दे आहेत. पहिला भयाचा. माणूस मुळात स्वार्थी आहे, सरकारचा शिपाई सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून पापपुण्याचा हिशेब ठेवणारा कोणीतरी वर हवा. दुसरा अधिष्ठानाचा. देवाची आज्ञा नसेल तर चांगले आणि वाईट ही केवळ माणसांची आवडनिवड ठरते, मग एकाचे मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे कशावरून? तिसरा इतिहासाचा. दया, क्षमा, परोपकार हे सारे सामान्य माणसाच्या घरात कीर्तना-प्रवचनांतून आले, तर ज्या राजवटींनी देव हद्दपार केला त्यांनी माणसे चिरडली.

भयाचा मुद्दा पाहू. शिक्षेच्या भीतीने टळलेली चोरी ही सावधगिरी आहे, तिला नीती म्हणता येत नाही. शिवाय हे भय वाटते तेवढे कडक नसते. बहुतेक धर्मांनी पापाच्या दंडाबरोबर त्यातून सुटण्याची वाटही दाखवून ठेवली आहे. प्रायश्चित्त, दान, नवस, तीर्थस्नान. लाच खाणारा त्यातला काही भाग दानपेटीत टाकतो आणि निर्धास्त होतो, हे दृश्य आपल्याला नवे नाही. देव सर्वसाक्षी आहे असे मनापासून मानणारेही फसवतात, हुंडा मागतात, सुनेला छळतात. आणि महाभारत काय सांगते? स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराला सांगितले जाते की सोबतचा कुत्रा बाहेर सोड आणि आत ये. तो नकार देतो. आश्रयाला आलेल्या जिवाला सोडून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. ती परीक्षा होती हे त्याला नंतर कळते. नकार देताना त्याच्या हाती होते फक्त गमावणे. म्हणूनच त्या नकाराला मोल आहे.

अधिष्ठानाचा मुद्दा अधिक खोल आहे. त्याला अथेन्समध्ये सॉक्रेटिसने विचारलेला एक प्रश्न पुरेसा आहे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात तो विचारतो की, जे पवित्र आहे ते देवांना प्रिय असल्यामुळे पवित्र ठरते, की ते पवित्र असल्यामुळे देवांना प्रिय होते? पहिले उत्तर स्वीकारले तर देवाने उद्या क्रौर्याची आज्ञा दिली तर क्रौर्यही पुण्य ठरेल. श्रद्धाळू माणूस यावर लगेच म्हणेल, "माझा देव असे सांगणारच नाही, तो दयाळू आहे." पण असे म्हणताच त्याने दुसरे उत्तर स्वीकारलेले असते. दया चांगली आहे हे त्याला आधीपासून माहीत आहे आणि त्याच मापाने तो आपल्या देवाला चांगला म्हणतो आहे.

हा केवळ तर्काचा खेळ वाटत असेल तर पंढरपूरकडे पाहा. मे १९४७ मध्ये विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी तेथे उपोषण केले. दार उघडायला विरोध करणारेही विठ्ठलाचेच भक्त होते. देव एक, क्षेत्र एक, परंपरा एक. एका बाजूला धर्म बुडेल असे वाटत होते, तर दुसऱ्या बाजूला माणसाला दाराबाहेर ठेवणे हेच पाप वाटत होते. हा भेद भक्तीने निर्माण केला असे कसे म्हणायचे? कोणी म्हणेल, गुरुजींची भक्ती खरी आणि विरोधकांची खोटी. मान्य. पण खरी कोणती आणि खोटी कोणती, हे आपण कशाने ठरवले? माणसाला माणूस म्हणून वागवले की नाही, याने. म्हणजे भक्तीची पारख करणारी कसोटी भक्तीच्या बाहेर, आपल्या नीतिबुद्धीत होती.

महाडला हीच कसोटी धर्माच्या विरोधात उभी राहिली. नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव करूनही अस्पृश्यांना तेथे पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, ते माणसाच्या ओंजळीने बाटले! शुद्धी करणाऱ्यांना आपण अन्याय करतो आहोत असे वाटत नव्हते. आपण धर्म पाळतो आहोत असेच त्यांना मनापासून वाटत होते, आणि तेच भयंकर आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. एका प्राचीन ग्रंथाचा अधिकार नीतीच्या नावाने नाकारला गेला.

येथे प्रतिपक्ष विचारील, आंबेडकरांनी पुढे बौद्ध धम्म स्वीकारलाच ना? स्वीकारला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. समाजाला धर्माची गरज असते असेही ते मानत. पण त्यांनी निवड कशी केली ते पाहा. जन्माने मिळालेला धर्म त्यांनी समतेच्या कसोटीवर तपासला आणि टाकला. स्वीकारला तो असा धम्म, ज्यात सृष्टिकर्ता ईश्वर नाही आणि नीती हाच गाभा आहे. त्यांनी नीतीवर धर्म पारखला. धर्मावर नीती पारखली नाही.

आता इतिहास. संतांचे ऋण मी नाकारत नाही. महाराष्ट्राच्या मनात माया आणि समंजसपणा रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पण संतांच्या ज्या कथा आपण जिवापाड जपतो, त्या काय सांगतात? काशीहून आणलेले गंगाजल रामेश्वराला वाहायचे सोडून एकनाथांनी ते तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, अशी आख्यायिका आहे. विधी मोडला आणि करुणा राखली, म्हणून आपण हात जोडतो. अक्षरही न शिकलेल्या श्रोत्याला त्यातले मोठेपण तत्काळ कळते, कारण ते ओळखणारी जाणीव त्याच्यापाशी आधीच असते.

सोव्हिएत राजवटीचे क्रौर्य मी झाकणार नाही. देव नाकारला की माणूस आपोआप सज्जन होतो, असा माझा दावाच नाही. त्या राजवटीत पक्ष आणि नेता प्रश्नांच्या पलीकडे नेऊन ठेवले गेले, आणि जेथे प्रश्न विचारण्यास बंदी असते तेथे नीती गुदमरते, मग सिंहासनावर देव असो की पुढारी. आजचे डेन्मार्क आणि स्वीडनही पाहा. तेथे नियमाने चर्चला जाणारे थोडे आहेत, तरी जगातल्या सर्वांत कमी भ्रष्ट देशांत त्यांची गणना होते. श्रद्धा असणे किंवा नसणे, यांपैकी कशातच सदाचाराची हमी नाही.

मग नीती कशावर उभी आहे? एक तर दुःखाच्या जाणिवेवर. दुसऱ्याला लागले तर त्यालाही दुखते, हे कळायला पोथी लागत नाही. दुसरे, सहजीवनाच्या गरजेवर. विश्वासाशिवाय कुटुंब, बाजार, गाव काहीच चालत नाही. आणि तिसरे, विवेकावर. जो नियम मी दुसऱ्याला लावतो तो मलाही लागला पाहिजे, हा आग्रह विवेकाचा असतो. ही नीती चुकू शकते, पण चूक दाखवली की ती सुधारते. अपौरुषेय म्हणून गोठवलेल्या आज्ञेला ही सोय नसते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद याचा पुरावा आहे. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संभोगाने मेली आणि कलकत्त्यातल्या त्या खटल्याने देश हादरला. वयाची मर्यादा १० वरून १२ वर न्यायची, एवढीच सुधारणा होती. तिला विरोध करताना गर्भाधानविधीचे शास्त्र पुढे करण्यात आले. गोपाळ गणेश आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. त्यांचा युक्तिवाद त्या मुलीच्या शरीरापासून आणि आयुष्यापासून सुरू होत होता. आज त्या वादात कोण बरोबर होते, याबद्दल आस्तिकाच्या मनातही शंका नाही.

आणि आगरकरांचे चारित्र्य? परलोकाची आशा न धरणाऱ्या या माणसाने मोठ्या पगाराची वाट सोडून शिक्षकी पत्करली. 'सुधारक' हे पत्र काढून लोकांचा रोष ओढवून घेतला. विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. दम्याने खंगत, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. निरीश्वरवादी र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. यांना वाईट वागण्यापासून कोणी अडवले? त्यांच्या विवेकाने.

आपल्या संविधानानेही हा क्रम स्पष्ट केला आहे. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. नीती धर्माच्या पोटातली असती तर तिच्या अधीन धर्माला ठेवण्यात अर्थच नव्हता.

श्रद्धावान वाचकाला मी श्रद्धा सोडायला सांगत नाही. श्रद्धेने तुम्हाला चांगले वागण्याचे बळ मिळत असेल तर ते जरूर घ्या. पण चांगले कशाला म्हणायचे, हा निर्णय पोथीवर, पुजाऱ्यावर किंवा जमातीच्या पंचांवर सोपवू नका. मुलाने खोटे का बोलू नये असे विचारले तर 'देव शिक्षा करील' एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. खोट्याने कोणाचे काय बिघडते ते त्याला सांगा. धर्माच्या नावाने कोणाला हीन लेखले जात असेल, वाळीत टाकले जात असेल, तर तेथे धर्म काय म्हणतो हे शोधत बसू नका. न्याय काय म्हणतो ते विचारा आणि त्याप्रमाणे वागा.